क्रीडासाहित्याच्या दुकानाचा उगम : ठाकूरद्वार ते धोबीतलाव

ताम्रपट, सनदा, महजर आणि करीने यांत रमणाऱ्या वाचकांपुढें बॅट, चेंडू आणि यष्ट्या विकणाऱ्या दुकानाचा विषय मांडणें हें थोडें धाडसाचें आहे, याची मला जाणीव आहे. पण पेशव्यांच्या रोजकीर्दींतील तेल, तूप आणि मजुरी यांच्या नोंदींवरूनच त्या काळचे भाव व राहणी आपण आज ठरवितों. त्या नोंदी लिहिणाऱ्या कारकुनास आपण इतिहास लिहीत आहोंत असें स्वप्नांतही वाटलें नसेल. दुकानदाराच्या वहीची गोष्ट हीच आहे. फरक इतकाच कीं, सरकारी दफ्तर दफ्तरखान्यांत राहिलें, आणि दुकानदाराची वही रद्दींत गेली.

ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून दक्षिणेकडे निघावें, चिराबाजार मागें टाकावा, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत धोबीतलाव येतो. तेथें मेट्रो चित्रगृहाच्या आसपास खेळाच्या सामानाचीं दुकानें एकमेकांस लागून उभीं आहेत. हा बाजार येथेंच कां वसला, आणि असें दुकान काढणें मुळांत केव्हां शक्य झालें, हे प्रस्तुत लेखाचे दोन प्रश्न आहेत. माझें प्रतिपाद्य थोडक्यांत असें कीं, खेळ पुरातन असला तरी त्याच्या साहित्याचें दुकान पुरातन नव्हे. नियमानें माप ठरविलें, मैदानानें मंडळी जमविली, आणि या दोहोंची गांठ पडली तेव्हांच दुकान उभें राहिलें.

१. दुकानावांचून चाललेले खेळ

आपल्याकडे खेळ नव्हते म्हणून दुकानें नव्हतीं, असें समजणें चुकीचें होईल. संस्कृत वाङ्मयांत चेंडूचा वावर पदोपदीं आहे. कालिदासाची पार्वती बालपणीं कंदुकाशीं खेळते. दंडीच्या दशकुमारचरितांत कंदुकावती नांवाची राजकन्या देवीच्या उत्सवांत कंदुकनृत्य करते, आणि त्या नृत्याच्या गति कवि मोठ्या बारकाईनें सांगतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा इ. स. ११२९ च्या सुमाराचा मानसोल्लास तर या बाबतींत खाणच आहे. त्यांत मल्लांच्या कुस्तीचें सविस्तर वर्णन आहे, आणि घोड्यावर बसून काठीनें चेंडू मारण्याच्या खेळाचेंही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेली या ग्रंथाची प्रत आपल्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहीं असेल.

तथापि हें साहित्य बाजारांत विकत मिळत नसे. राजाच्या घरचें सर्व कांहीं राजाच्या कारखान्यांतून निघे. मराठेशाहींतील अठरा कारखान्यांच्या यादींत तालीमखाना आहे, ही गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी. जोडी, करेला, लेजीम आणि मुद्गल यांची सोय तेथें लागे.

सामान्य जनांचें साहित्य याहून साधें. तुकोबांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, हमामा, हुंबरी अशा खेळांच्या नांवांखालीं अभंगांचे गट आहेत. म्हणजे सतराव्या शतकांत चेंडू आणि फळी या वस्तु देहूच्या श्रोत्यांस इतक्या परिचित होत्या कीं, त्यांवर रूपकें रचतां येत. परंतु तो चेंडू चिंध्यांचा, आणि फळी हातास लागेल त्या लांकडाची. विटी आणि दांडू बाभळीच्या फांदींतून निघत. कांहीं नीट घडवून हवें असल्यास गांवचा सुतार तें बलुत्यांत करून देई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं ज्या मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें, त्यासही एक घडीव खांब आणि एरंडेल तेल याहून अधिक कांहीं लागत नसे. हुतूतू, खोखो आणि आट्यापाट्या यांस तर मैदान आणि फक्कीची रेघ एवढेंच पुरे. आबासाहेब मुजुमदार यांच्या बडोद्याहून प्रसिद्ध झालेल्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशांत देशी खेळांचा जो अफाट पसारा मांडला आहे, तो चाळतांना एक गोष्ट सारखी जाणवते. त्यांतील बहुतेक खेळांचें साहित्य खेळणाऱ्याच्या घरीं, परसांत किंवा सुताराच्या अंगणांत तयार होई.

जेथें प्रत्येकाचा दांडू वेगळा असला तरी खेळ अडत नाहीं, तेथें दांडू विकण्याचें दुकान निघत नाहीं. हें साधें सूत्र पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

२. नियम, माप आणि दुकान

संस्कृतांत बाजारास 'आपण' म्हणतात, हें विद्यार्थ्यांस सांगतांना मला नेहमीं गंमत वाटे. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पण्याध्यक्षाच्या जोडीस पौतवाध्यक्ष, म्हणजे वजन-मापांचा अधिकारी, सांगितलेला आहे. मापावांचून बाजार नाहीं, हें त्यानें पक्कें ओळखलें होतें. खेळाच्या बाजारासही हाच न्याय लागू पडतो.

इंग्लंडांतील एक प्रसंग या दृष्टीनें बोधप्रद आहे. इ. स. १७७१ त हॅम्बल्डन व चर्ट्सी या दोन गांवांच्या सामन्यांत एक गडी यष्टींच्याइतकी रुंद बॅट घेऊन उभा राहिला. तोंवर बॅटच्या रुंदीस नियमाचा अडथळा नव्हता. हॅम्बल्डनच्या खेळाडूंनीं लगेच लेखी तक्रार केली, आणि थोड्याच काळांत बॅटची रुंदी सवाचार इंचांहून अधिक नसावी असा नियम झाला. तो आजतागायत टिकला आहे. चेंडूचें वजनही साडेपांच ते पावणेसहा औंस असें ठरलें. पुढें इ. स. १८३५ त बॅटची लांबी ३८ इंचांवर आणून ठेविली.

या आंकड्यांकडे दुकानदाराच्या दृष्टीनें पाहावें. पाव औंसाच्या मर्यादेंत बसणारा चेंडू चिंध्यांचा होऊं शकत नाहीं. आंत बुचाचा गाभा, त्यावर ताणून गुंडाळलेलें लोकरीचें सूत, वर तुरटीनें कमावलेल्या चामड्याच्या चार फांका, आणि त्यांस जोडणारी उंच शिवण : असा तो घडतो. गुंडाळतांना सुताचा ताण कमी-जास्त झाला कीं चेंडू एका अंगास बसतो. हें काम गांवच्या सुताराचें नव्हे, आणि एकट्या चर्मकाराचेंही नव्हे. त्यास वेगळा कारखाना आणि वेगळा कारागीर हवा. असा कारागीर जेथें असेल तेथून तो चेंडू आणणारा, नियमांत बसतो कीं नाहीं तें पारखणारा, आणि बिघडल्यास बदलून देणारा मध्यस्थ हवा. तो मध्यस्थ म्हणजे दुकानदार.

बॅडमिंटनचाही दाखला असाच आहे. इ. स. १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या छावणींत हा खेळ गोऱ्या अधिकाऱ्यांत रूढ झाला आणि त्याचे आरंभींचे नियम तेथें लिहिले गेले. नियम लिहिले गेल्यावर पिसांचें फूल, तातींची रॅकेट आणि जाळी या सर्व वस्तु मापाच्या झाल्या, आणि मापाच्या झाल्यामुळें विकत घेण्याच्या झाल्या.

३. मैदान आणि मंडळी

आतां मुंबईकडे वळूं. किल्ल्याच्या तटाबाहेरचें विस्तीर्ण मोकळें मैदान हें या व्यवसायाचें खरें भांडवल. आज त्याचे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल असे तुकडे पडले आहेत. पूर्वीं तें सर्व एस्प्लनेड म्हणून ओळखलें जाई. या मैदानावर गोरे क्रिकेट खेळत आणि पारशी मुलें कडेला उभीं राहून पाहत. इ. स. १८४८ त पारशांनीं ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापिला आणि १८५० त झोरोआस्ट्रियन क्लब निघाला. शापुरजी सोराबजी या पारशी लेखकानें १८९७ त, आणि जे. एम. फ्रामजी पटेल यांनीं १९०५ त, या आरंभकाळाचा वृत्तांत इंग्रजींत लिहून ठेविला आहे. साहित्याच्या इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतील लक्षणीय भाग म्हणजे आरंभींची टंचाई. गोऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू यांवरच पहिला हात बसला. टाकलेल्या वस्तूंवर छंद चालतो; व्यवसाय चालावयास नियमित गिऱ्हाईक लागतें.

तें गिऱ्हाईक क्लबांनीं निर्माण केलें. पुढील वीस वर्षांत पारशांचे अनेक क्लब निघाले, आणि त्यांनीं रोमन देवतांचीं व इंग्रज मुत्सद्द्यांचीं नांवें धारण केलीं. हिंदूंत आरंभ प्रभु ज्ञातींतील तरुणांनीं केला. त्यांचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ चा. त्यानंतर गौड सारस्वत, क्षत्रिय, गुजराती, मराठा अशा जातींच्या आणि भाषांच्या नांवांनीं क्लब निघाले. खेळ एक, पण मंडळ्या जातवार, ही मुंबईची त्या काळची रचना होती. येथें गिऱ्हाईकाचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. पूर्ण संच, म्हणजे दोन-चार बॅटी, सहा यष्ट्या, पायांस बांधण्याचे पॅड, हातमोजे आणि चेंडूंचा पुरवठा, एकट्या विद्यार्थ्यास किंवा कारकुनास परवडण्यासारखा नव्हता. वर्गणी काढून तो क्लब घेई आणि सर्वांनीं मिळून वापरी. म्हणजे दुकानाचा पहिला ग्राहक व्यक्ति नव्हे, मंडळी.

मैदानासाठींही झगडा झाला. गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनीं क्रिकेटची हिरवळ उखडली जाई. त्याविरुद्ध देशी खेळाडूंनीं १८८१ पासून सरकारकडे अर्जांचा सपाटा लावला. या चळवळींत शापुरजी सोराबजी अग्रेसर होते. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस हा स्वतः इंग्लंडचा नामांकित क्रिकेटपटू. त्याच्या अमदानीच्या मागच्यापुढच्या काळांत समुद्रकांठच्या भराव घातलेल्या जागेवर निरनिराळ्या समाजांच्या जिमखान्यांस भूमि मिळाली. पारशी जिमखाना १८८५ त स्थापन झालेला. हिंदु जिमखाना १८९४ चा. मुसलमानांचा या दोहोंच्या मध्यंतरीचा.

आतां नकाशा पुढें घ्यावा. चर्नी रोड आणि मरीन लाइन्स या दोन स्थानकांच्या दरम्यान लोहमार्गाच्या पश्चिमेस हे जिमखाने. त्याच मार्गाच्या पूर्वेस ठाकूरद्वार, चिराबाजार आणि गिरगांवच्या वाड्या. दक्षिणेस धोबीतलाव, आणि त्याच्या पलीकडे लगेच आझाद व क्रॉस मैदान. गिरगांवांत व धोबीतलावावर शाळा-महाविद्यालयांची दाटी. शालेय सामन्यांसाठीं हॅरिस ढाल १८९० नंतरच्या दशकांत आणि जाइल्स ढाल १९०१ त सुरू झाली, तेव्हां प्रत्येक शाळा ही आपोआप एक वार्षिक ग्राहक झाली. मुलगा ठाकूरद्वारच्या चाळींत राहतो, धोबीतलावाजवळच्या शाळेंत जातो आणि संध्याकाळीं मैदानावर खेळतो. त्याची वाट जेथून जाते तेथेंच दुकान हवें. या बाजाराची जागा कोणा सावकारानें निवडली नाहीं. ती पायवाटेनें ठरविली.

४. माल कोठून येई

आरंभीं सर्व माल विलायती. इंग्लंडांत या व्यापारास एक विशेष वळण लागलें होतें. तेथें खेळाडूच दुकानदार झाले. ज्याच्या नांवाचें वार्षिक आजही निघतें, तो जॉन विस्डेन हा गोलंदाज; त्यानें १८५० नंतर क्रिकेटच्या सामानाचा व्यापार मांडला. नॉटिंगहॅमचा फलंदाज विल्यम गन यानें १८८५ त मूर नांवाच्या भागीदारासह बॅटींचें दुकान काढलें, आणि ती जोडगोळी अद्याप त्या नांवानें चालू आहे. हातानें खेळलेल्यास वस्तूची पारख असते, या विश्वासावर त्यांचा माल खपला.

हिंदुस्थानांत ही कळा पंजाबच्या सियालकोटांत रुजली. छावणींतील साहेबांच्या मोडलेल्या रॅकेटी तेथील कारागिरांनीं दुरुस्त केल्या आणि दुरुस्तींतून निर्मिति साधली, अशी परंपरागत कथा आहे. गंडासिंग उबेरॉय यांची पेढी १८८८ ची. पंजाबांतील तुतीचें लांकूड हॉकीच्या काठ्यांस आणि रॅकेटींस उपयोगी पडे. काश्मिरांतील विलो बॅटींस चाले. १९०५ च्या स्वदेशी चळवळीनें देशी मालास प्रतिष्ठा दिली, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत विलायती माल येणें दुर्घट झालें. मुंबईच्या दुकानदारानें यापुढें विलायतेकडे आणि सियालकोटाकडे असें दोहोंकडे तोंड ठेविलें. सान्सपरेल ही आज एसजी या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी पेढीही १९३१ त सियालकोटासच निघाली.

मग १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. सियालकोट पाकिस्तानांत गेलें. तेथील हिंदु व शीख कारखानदार आणि कारागीर जालंधर व मीरत येथें येऊन पुन्हां पहिल्यापासून बसले. चामडें कोठून आणावें, लांकूड कोठें पिकवावें, सूत कोणी गुंडाळावें, या सर्वांची घडी नव्यानें बसवावी लागली. भारतांतील कसोटी सामन्यांत आज जो चेंडू वापरतात, तो मीरतेस घडतो, आणि त्याच्या मागें ही निर्वासितांची कहाणी आहे. ज्यांच्या जुन्या वह्या फाळणीच्या आगेमागें कशा तरी वांचल्या असतील, त्यांत पुरवठ्याचें गांव एका पानावर सियालकोट आणि पुढच्या कांहीं पानांवर मीरत किंवा जालंधर असें बदललेलें दिसेल. फाळणीचा इतका निर्विकार पुरावा दुसऱ्या कोठल्या दफ्तरांत मिळेल ?

५. दुकानदाराचें शास्त्र

असें दुकान काढणाऱ्यास काय अवगत असावें लागतें, याची थोडी माहिती मला अनुभवानें आहे. मी संस्कृत शिकविणारा मनुष्य. पण शाळेंत ज्याचा तास मोकळा त्याच्या गळ्यांत खेळाचें कपाट, असा प्रघात असे. त्यामुळें बरींच वर्षें शाळेच्या क्रीडासाहित्याची खरेदी माझ्याकडे होती. दरवर्षीं पावसाळा सरतांना मी यादी घेऊन धोबीतलावास जात असें.

पहिल्याच फेरींत दुकानदारानें मला विचारलें, "मास्तर, चेंडू सामन्याचा पाहिजे कीं सरावाचा ?" मला दोहोंतला भेद ठाऊक नव्हता. त्यानें दोन चेंडू माझ्या दोन हातांत दिले आणि शिवणीवरून अंगठा फिरवावयास सांगितला. मग एक बॅट उचलून तिच्या पात्यावर लांकडी ठोकणीनें दोन ठोके दिले आणि म्हणाला, "आवाज ऐका. ही बोलते, ती दुसरी मुकी आहे." नव्या बॅटीस जवसाचें तेल किती लावावें, मागच्या बाजूस किती, आणि हातच्या सांध्यास मुळींच कां लावूं नये, हेंही त्यानें सांगितलें. त्या दिवशीं मला कळलें कीं, या व्यवसायाचें अर्धें भांडवल गल्ल्यांत नसून हातांत आणि कानांत असतें.

दुसरें अंग उधारीचें. शाळेस पैसे अनुदान आल्यावर किंवा खेळाची फी जमल्यावर मिळत. खेळ मात्र त्याआधीं सुरू होई. म्हणून दुकानदार वर्षभराची उधारी लिहून ठेवी. ज्याच्याजवळ वर्षभर थांबण्याची ऐपत नाहीं, त्यानें हें दुकान काढूं नये.

तिसरें अंग ऋतूचें. क्रिकेट हा कोरड्या दिवसांचा खेळ. पावसाळ्यांत गिऱ्हाईक थंड पडावें हा त्याचा स्वभाव. परंतु मुंबईंत १९४८ पासून डॉ. होर्मसजी कांगा यांच्या नांवानें भर पावसाळ्यांत चालणारी सामन्यांची मालिका सुरू झाली. ओल्या मैदानावर चेंडू पाणी पितो, फुगतो, जड होतो आणि लवकर निकामी ठरतो. खेळाडूंस जी अडचण, ती दुकानदारास बरकत. उरलेली तूट कॅरम आणि टेबल-टेनिस हे घरांत खेळण्याचे खेळ भरून काढीत. पावसांत गिरगांवच्या चाळींतून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज ज्यानें ऐकला आहे, त्यास हें अधिक सांगावयास नको.

चौथें अंग दुरुस्तीचें. रॅकेटीस नवी तात ओवणें, बॅटीच्या मुठीस दोरा गुंडाळणें, फाटलेल्या पॅडांस टांके घालणें. नव्या मालाचा नफा वर्षांतून एकदां, दुरुस्तीचा रोज. शिवाय दुरुस्तीस आलेला मुलगा पुढें क्लबाचा कर्णधार किंवा शाळेचा शिक्षक होतो आणि खरेदीस त्याच पायरीवर येतो. आज तेंच सामान घरबसल्या मागवितां येत असतांही धोबीतलावचीं दुकानें टिकून आहेत, तीं मुख्यतः या चौथ्या अंगाच्या बळावर, असें माझें मत आहे.

६. चेंडू आणि त्यास घडविणारा हात

येथपर्यंतचें विवेचन व्यापाराचें झालें. पण या व्यापारांत एक अशी गोष्ट गुंतली आहे, जी टाळून पुढें जाणें हें इतिहासकारास शोभणारें नाहीं.

पळवणकर बाळू यांचें नांव वाचकांस परिचित आहे. जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडास, जात चांभार, लहानपण पुण्याच्या छावणींत. पूना क्लबांत ते खेळपट्टीची निगा राखीत आणि गोऱ्या साहेबांस सरावाला चेंडू टाकीत. त्यांतून त्यांची डावखुरी गोलंदाजी सिद्ध झाली. हिंदूंचा संघ त्यांच्यावांचून जिंकूं शकत नाहीं, हें ध्यानांत आल्यावर त्यांस संघांत घेतलें. परंतु पुण्यांत मध्यंतरींचा चहा त्यांस मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांतून दिला जाई. पुढें ते मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ त हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्या विजयांत बाळू आणि त्यांचे बंधु शिवराम यांचा मोठा वांटा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ बळी घेतले. इतकें होऊनही हिंदूंच्या संघाचें नेतृत्व त्यांस मिळालें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ त मिळालें, तेंही मोठ्या वादानंतर.

आतां चेंडूकडे पाहावें. तो चामड्याचा. त्या चामड्यास ज्या जातींचे हात लागत, त्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानणारे लोक तोच चेंडू हातांत घेत, घामानें चकाकवीत, झेल घेतांना छातीशीं कवटाळीत. चेंडूचा विटाळ दुकानाच्या फळीवर पैसे मोजतांच फिटे. चेंडू टाकणाऱ्याचा फिटत नसे. धर्मशास्त्रांत द्रव्यशुद्धीचीं प्रकरणें मी अनेकदां शिकविलीं आहेत. कोणती वस्तु जलानें शुद्ध होते, कोणती भस्मानें, कोणती केवळ विक्रीस मांडली म्हणून शुद्ध मानावी, याचा तेथें काथ्याकूट आहे. पण त्या सर्व वचनांहून या एका चेंडूनें मला अधिक शिकविलें. वस्तूस जी सवलत आम्हीं दिली, ती तिला घडविणाऱ्या माणसास दिली नाहीं.

विठ्ठल पळवणकरांचें 'माझें क्रीडा-जीवन' हें आत्मवृत्त १९४८ त प्रसिद्ध झालें. मराठींतील या विषयाचें तें अमोल साधन आहे. ज्यांच्याजवळ त्याची मूळ आवृत्ति असेल, त्यांनीं ती पोथीप्रमाणें जतन करावी.

७. एक कबुली आणि एक विनंती

लेख येथेंच संपविला असतां तो पांडित्याचा झाला असता. पण माझ्याकडे एक देणें आहे, तें फेडणें भाग आहे.

निवृत्तीच्या थोडें आधीं आमच्या शाळेच्या माळ्यावरील जुने कागद काढून टाकावयाचे ठरलें. त्यांत खेळाच्या कपाटाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदवह्या, दुकानांच्या पावत्या आणि छापील दरपत्रकें होतीं. कपाट माझ्या ताब्यांत असल्यामुळें, 'निरुपयोगी' असा शेरा मारून सही करावयाची ती मींच करावयाची होती. मीं ती केली. रद्दीवाल्यानें गठ्ठे तागडींत टाकले, तेव्हां एक पावती खालीं पडली. मीं ती उचलून पाहिली : चार सरावाचे चेंडू, एक जोड पॅड, दोन बॅटींची मूठ बांधणें. मीं ती पुन्हां गठ्ठ्यावर ठेविली. जो मनुष्य शके आणि तिथि जुळविण्यांत रात्री घालवितो, त्याच्या हातून हें झालें, याचें मला आज नवल वाटतें, आणि लाजही वाटते. त्या वह्यांत कोणत्या सालीं मुलींसाठीं प्रथम साहित्य घेतलें, कोणत्या सालीं चेंडूची किंमत दुप्पट झाली, संघांत कोणत्या आडनांवाचे मुलगे केव्हां आले, हें सर्व होतें. तें आतां कोणासही कळणार नाहीं.

गिरगांवांतील जुन्या चाळी पाडल्या जात आहेत आणि माळे रिकामे होत आहेत. दुकानांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या दुसऱ्या धंद्यांत गेल्या आहेत. म्हणून संग्राहकांस माझी विनंती अशी. जुन्या घरांत पोथ्या शोधावयास जाल, तेव्हां पोथीच्या बासनाशेजारीं पडलेल्या वह्याही उलगडून पाहा. दुकानाची रोजकीर्द व खतावणी. कारखान्यांचीं दरपत्रकें, विशेषतः १९४७ पूर्वींचीं सियालकोटचीं. क्लबांच्या वर्गणीच्या याद्या. शाळांच्या खेळ-फीचे हिशेब. बॅटींवरचे छापील शिक्के. वही पूर्ण नसली तरी सुटें पान घ्यावें. कागदावर कोणाचें घर, कोणता माळा आणि कोणती तारीख हें त्याच दिवशीं पेन्सिलीनें टिपून ठेवावें. नंतर आठवत नाहीं. आपल्या मंडळाच्या दफ्तरांत अशा कागदांस एक कपाट मिळावें, असा प्रस्ताव मी चालकांकडे स्वतंत्रपणें पाठवीत आहें.

राजांनीं कोणते खेळ पाहिले हें मानसोल्लासानें सांगितलें. ठाकूरद्वारच्या मुलांनीं ते कशानें खेळले, आणि तें साहित्य कोणाच्या हातचें होतें, हें सांगणारे कागद मात्र दुकानाच्या माळ्यावर आहेत. ते अद्याप तेथें असतील तोंवरच त्यांचा शोध घेणें शक्य आहे.